स्पोकन ट्युटोरियल: माउस विद्यार्थ्याच्याच हातात ठेवणारी शिकवणी

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेला येणारी मुलेमुली परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि पैशांची देवघेव ही सगळी कामे मोबाइलवर सहज उरकतात. पण त्यांनाच संगणकासमोर बसवले की हात मांडीवरून वर येत नाहीत. 'सर, मी काही दाबलं तर बिघडणार नाही ना?' हा प्रश्न मला दर वर्षी पहिल्या तासाला ऐकू येतो. ही अडचण बुद्धीची नाही आणि मला तरी ती केवळ इंग्रजीचीही वाटत नाही. आपल्या हातून हे होईल, असा भरवसाच त्यांच्यापाशी नसतो. तो भरवसा कसा तयार होतो, या कसोटीवर मी आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या मोफत ध्वनिचित्रपाठांच्या सेवेकडे पाहतो आणि गेली काही वर्षे ती वापरल्यावर तिच्याविषयी लिहावेसे वाटते.

प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाला केंद्र सरकारच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाचे पाठबळ मिळाले. लिब्रेऑफिस (लेखन, हिशेब अशा कार्यालयीन कामांसाठी), लिनक्स (संगणक चालवणारी प्रणाली), पायथॉन (प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा), लेटेक्स (मजकुराची छपाईयोग्य मांडणी करणारे) अशा मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरवरचे, साधारण दहा-दहा मिनिटांचे हे ध्वनिचित्रपाठ आहेत. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीतच राहतो, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात. प्रयोगशाळेतले इंटरनेट वरचेवर बंद पडते अशा ठिकाणी ही सोय फार मोलाची आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पाठ पाहण्याची पद्धत. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि उरलेल्या अर्ध्या भागात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडे ठेवायचे, निवेदकाने एक कृती केली की पाठ थांबवायचा, तीच कृती स्वतः करायची आणि मगच पुढे जायचे. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये असे मांडले होते की, एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत जास्त बळावतो तो ते काम स्वतः पार पाडल्याच्या अनुभवाने. इतरांना करताना पाहणे किंवा कुणी धीर देणे यांचा उपयोग होतो, पण तो त्याच्या खालोखाल. मी प्रोजेक्टरवर तासभर करून दाखवत असे तेव्हा वर्ग मान डोलवत असे आणि दुसऱ्या दिवशी कुणाला साधी फाइल जतन करता येत नसे, याचा उलगडा मला या विवेचनातून झाला.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी कॅल्कचा, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या हिशेबाच्या तक्त्यांचा पाठ करत होती. तिच्या घरी दूधधंदा असल्याने मी तिला डेअरीच्या दहा दिवसांच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या होत्या. एका रकान्यात लिटर आणि शेजारच्या रकान्यात दर भरून तिने गुणाकाराचे सूत्र पहिल्या ओळीत लिहिले, पाठात दाखवल्याप्रमाणे ते खाली ओढले आणि शेवटी बेरीज घेतली. आकडा डेअरीच्या बिलाशी जुळला. मग तिने आपण होऊन एका दिवसाचे लिटर बदलून पाहिले, बेरीज आपोआप बदलली. तिने केलेला बदल मागे घेतला, आकडा पूर्ववत झाला. हे तिने तीन-चार वेळा केले. चूक केली तरी ती मागे घेता येते, हे तिच्या बोटांना त्या दिवशी कळले, आणि पुढच्या तासाला ती माझी वाट न पाहता संगणक सुरू करून बसली होती.

काही मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. लिब्रेऑफिसचे काही पाठ ३.३.४ या जुन्या आवृत्तीवर चित्रित केलेले आहेत, त्यामुळे मेनूतली एखादी आज्ञा आजच्या आवृत्तीत वेगळ्या जागी सापडते आणि नवखा विद्यार्थी तिथे थबकतो. म्हणून शिक्षकाने पाठ आधी स्वतः करून पाहिलेला बरा. मराठी टंकलेखनासाठी मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकाचा वेगळा सराव घेतो, कारण आमच्या मुलांना प्रकल्प मराठीत लिहायचे असतात. परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची सोय आहे आणि नोकरीच्या अर्जाला ते जोडताही येते, परंतु केवळ प्रमाणपत्रासाठी पाठ भराभर पळवणारे विद्यार्थी पहिल्या दिवशी होते तिथेच राहतात, हे मी पाहिले आहे.

ज्या प्राध्यापकांना ही सेवा आपल्या वर्गात आणायची असेल त्यांनी सुरुवात कॅल्कपासून करावी, पायथॉनची घाई करू नये, आणि प्रत्येकाला घरचा एखादा खरा हिशेब आणायला सांगावे. विद्यार्थी अडला की आपला हात चटकन त्याच्या माउसकडे जातो. तो आवरावा आणि त्याला पाठ अर्धा मिनिट मागे घ्यायला सांगावे.