गिटारसाठी लाकूड: नाशिकच्या वखारीतलं की परदेशी?

गिटारची पाठ, बाजू आणि फिंगरबोर्ड (तारा ज्यावर बोटांनी दाबतात ती पट्टी) यांसाठी मी वखारीतलं शिसवच घेतो. जगभरचे गिटार बनवणारे ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात, ते हेच झाड. मग ते परदेशातून का मागवायचं? शिवाय वखारीत फळी हातात घेता येते. मी एका टोकाशी धरून बोटाच्या पेराने टकटक करतो; चांगलं शिसव काचेसारखं टणत्कारतं, भेगाळलेलं भद्द वाजतं.

अडचण असते ती ओलाव्याची. आपल्या वखारी दारं-खिडक्यांसाठी लाकूड कापतात, त्यांना कमी वाळलेलंही चालतं. मागे पावसाळ्यात घेतलेली फळी मी घाईने वापरली आणि एप्रिलच्या उन्हात पाठीला जोडापासून वीतभर चीर गेली. खूप वाईट वाटलं. आता टोकांना मेण लावून, मध्ये पट्ट्या घालून फळ्या निदान दोन वर्षं रचून ठेवतो. ओलावा मोजायच्या मीटरवर आठ-नऊ टक्के दिसल्याशिवाय करवत लावत नाही. शिसव घेताना पावती मात्र मागाच, त्याच्या तोडीला आणि वाहतुकीला वनखात्याची परवानगी लागते.

गिटारच्या वरच्या फळीसाठी, म्हणजे तारांखालच्या दर्शनी भागासाठी मात्र अलास्का-कॅनडाचं सिटका स्प्रूसच. इतकं हलकं आणि तरी ताठ लाकूड मला इथे मिळालेलं नाही. ते वाळवलेलं, जोडीने चिरलेलं, म्हणजे एकाच तुकड्याच्या दोन जुळत्या फळ्या करून येतं. भाडं, कस्टम, वाट पाहणं आलंच, आणि निवड फोटोवरून. म्हणून दोन-तीन गिटार बनवणाऱ्यांनी मिळून एकदाच मागवावं.