मोठं घर सोडताना: फोटो काढावा, जपावं की देऊन टाकावं?

वाडा पुनर्विकासाला गेला, किंवा मुलं परदेशी आणि बंगला दोघांना झेपेना, की माळ्यावरचं सगळं खाली येतं. घंगाळ, तांब्याचा बंब, ट्रंकेतली पत्रं, नऊवारी लुगडी, कॅसेटी, दिवाळी अंकांचे गठ्ठे. सल्ला देणारे एकच सांगतात, ‘फोटो काढ आणि देऊन टाक.’ काही वस्तूंना तो लागू पडतो, काहींना अजिबात नाही.

कागदाला स्कॅनिंग सगळ्यांत मानवतं. पत्राचं मोल मजकुरात आणि हस्ताक्षरात, दोन्ही नीट उतरतात. पत्रांना ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके एवढी बारकाई, पुरे. पासपोर्टच्या आकाराचा जुना फोटो मोठा करून हवा असेल तर ६०० ठेवा. आंतर्देशीय पत्रात कडेला आडवा-उभा मजकूर कोंबलेला असतो आणि टपालाचा शिक्का पत्त्याच्या बाजूला, म्हणून सगळ्या बाजू घ्या. मग मूळ पत्रं टाकावीत का? माझं मत, नाही. बुटांच्या खोक्यात मावणाऱ्या गोष्टीवर जागेची काटकसर कशाला? लॅमिनेशन मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नको. एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागदाला धक्का न लावता निघत नाही. मोडी लिपीतले कागद निघाले तर रद्दीत घालण्याआधी जाणकाराला दाखवा. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे विचारता येईल.

कॅसेटींच्या बाबतीत निवड उरलेलीच नाही. ऑडिओ असो वा लग्नाची व्हिडिओ कॅसेट, ती डिजिटल करून घ्या आणि आधी तीच करा, कारण फीत खराब होत जाते आणि वाजवणारी यंत्रंही संपत आली आहेत. व्हिडिओ कॅसेटचे नवे प्लेअर बनवणं जपानमध्ये २०१६ साली थांबलं. फायली फक्त गूगल फोटोजवर टाकून निर्धास्त राहू नका. तिथली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेलसकट १५ जीबी मिळते. एक हार्ड डिस्क घरात, दुसरी बहिणीकडे किंवा मुलाकडे, हे जास्त खात्रीचं.

भांड्यांना फोटो अपुरा पडतो. हातातलं वजन, कल्हईचा रंग, आजीच्या हातून पडून आलेला पोचा, हे फोटोत येत नाही. पण काढायचाच तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव टिपा: कोणी, कोणाला, कुठल्या लग्नात दिलं. फ्लॅशमध्ये पितळ नुसतं चमकतं आणि अक्षरं पुसट होतात. खिडकीतला उजेड एका बाजूने पडू द्या, ठिपके उठून दिसतात. ठेवायचं काय? रोज हाताळलं जाईल ते. तांब्या, डाव, अडकित्ता ठेवा, बंब जाऊ द्या. मोडीत घालाल तर पैसे निव्वळ वजनाचे मिळतात, घडणावळीचे नाही. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाने जमवलेल्या दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तूंतूनच उभं राहिलं खरं, पण संग्रहालयाला दुर्मीळ ते हवं असतं. टेंपो भरण्याआधी फोटो पाठवून विचारा. आणि पितळेची समई मुलाकडे अमेरिकेला पाठवायची असेल तर थांबा: १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा.

लुगड्यांना मात्र रूप बदलणं शोभतं. धुऊन मऊ झालेली सुती लुगडी गोधडीत घाला. वापरात राहतात, आणि नातवंडं ‘हा तुकडा कुणाचा?’ विचारतात. पैठणी कापू नये. सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवर जरीचे धागे तुटतात. बोहारणीला द्यायचं ते उरलेलं.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, त्यामुळे ‘आमच्याकडे जुने आहेत’ एवढ्याने ग्रंथालयं हुरळून जात नाहीत. नाव आणि वर्षवार यादी करून कोणते अंक हवेत ते विचारा. घरातल्या कुणाची कथा छापून आलेला अंक तेवढा ठेवा.

उरतं ते नातेवाइकांत. इथे वाद होतात, आणि ते किमतीपेक्षा ‘मला विचारलं नाही’ यावरून. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका, एका वस्तूला दोघे पुढे आले तर चिठ्ठी टाका आणि न्यायची तारीख ठरवा. ‘सध्या तुमच्याकडेच राहू दे, नंतर नेतो’ म्हणणाऱ्याचं नाव सरळ खोडा.