बर्नआउटवर उपचार: सोलापुरातला दवाखाना की ऑनलाइन समुपदेशन?

काम आपल्याला आतून पोखरतंय हे ज्यांना कळून चुकलंय आणि आता कुणाची तरी मदत घ्यायचीच असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बर्नआउट म्हणजे काय हे तुम्ही एव्हाना वाचलं असेल. अडतं ते त्याच्या पुढं. सोलापुरात राहून मदत घ्यायची तर दोन रस्ते आहेत. एक, शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडं, म्हणजे औषध देणाऱ्या डॉक्टरांकडं, किंवा बोलून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडं जाऊन बसणं. दुसरा, पुण्या-मुंबईच्या समुपदेशकाशी मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून बोलणं. मी पहिला रस्ता धरला आणि बहुतेकांना तोच सुचवीन. दुसरा ज्यांना खरंच जास्त सोयीचा पडेल अशीही माणसं आहेत, त्यांच्याबद्दलही सांगतो.

निवड करण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून आलेली अवस्था म्हणून आहे. तिची लक्षणं तीन: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ही तिन्ही कामाभोवती फिरतात. म्हणून स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस ऑफिसचा फोन बंद होता तेव्हा जीव थोडा तरी हलका झाला होता का? झाला असेल आणि कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी छातीवरचा दगड परत आला असेल, तर पारडं बर्नआउटकडं झुकतं. यात्रेतही मन लागलं नाही, पोरांचा आवाज नकोसा झाला, भाकरी आणि शेंगाचटणीही बेचव लागली, तर नैराश्य असण्याची शक्यता धरून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दोन्ही एकत्रही असू शकतं.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक चाचणी असते. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं हे ती विचारते. गुण शून्य ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर ती कागदावर सोडवून डॉक्टरांकडं घेऊन जा. नववा प्रश्न जगणं नको वाटण्याबद्दलचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर खालची तुलना वाचत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ लावा किंवा घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा.

आणि रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. थायरॉइड मंदावला, बी-१२ कमी पडलं की माणूस असाच थकतो, असाच चिडतो, आणि महिनाभर समुपदेशन करूनही फरक दिसत नाही. तुम्ही रात्री मोठ्यानं घोरता आणि सकाळी डोकं जड घेऊन उठता असं घरच्यांचं म्हणणं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बऱ्याचदा बर्नआउटच्या नावावर खपून जातो.

आता ऑनलाइनकडं येऊ. त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू सोलापूरकराला वेगळी सांगायला नको: भाषा. इथं पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. कामाचं रडगाणं मराठीत सांगता येतं, पण बापाबद्दलची भीती किंवा नवऱ्याबद्दलचा राग माणूस आईच्या भाषेतच नीट सांगतो. तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलणारा मानसशास्त्रज्ञ शहरात मिळाला नाही तर हैदराबादचा किंवा बंगळूरचा स्क्रीनवर मिळतो. बाई समुपदेशकच हवी, रात्री नऊनंतरचीच वेळ हवी, अशा अटीही ऑनलाइन सहज पुऱ्या होतात. बार्शी, सांगोला, करमाळ्याहून दर आठवड्याला सोलापूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आधीच थकलेल्या माणसाला एसटीचा तो प्रवास उपचारापेक्षा भारी पडतो.

ऑनलाइनमध्ये फसगत बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली, समोरच्याची पात्रता. समुपदेशक हा शब्द आपल्याकडं कुणीही लावून घेतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडं मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक पहिल्या कॉलच्या आधी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथंच संपवा. दुसरी, आठ-दहा सत्रांचं पॅकेज. पैसे आधी भरून घेतात, तिसऱ्या सत्राला सूर जुळत नाही असं कळतं आणि पैसे परत मिळता मिळत नाहीत. सुरुवातीला एकाच सत्राचे पैसे भरा.

दवाखान्यात जायचं म्हटलं की बहुतेकांचं पाऊल एकाच भीतीनं अडतं: कुणीतरी बघेल. भीती खोटी नाही. नव्या पेठेत खरेदीला गेलं तरी तीन ओळखीचे भेटतात, मग मानसोपचाराच्या दवाखान्यात बाकावर बसल्यावर ‘काय ओ, इकडं कुठं?’ असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? याला उपाय आहेत आणि ते चालतात. जुळे सोलापुरात राहत असाल तर दवाखाना सात रस्त्याच्या बाजूचा निवडा. सकाळची पहिली किंवा रात्रीची शेवटची वेळ मागा. फोनवरच सांगून ठेवा की मी खाली गाडीजवळ थांबतो, नंबर आला की मिस्ड कॉल द्या. बरेच दवाखाने हे विनातक्रार करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलंय, त्यामुळं ऑफिसला किंवा नातेवाइकांना ती सहसा परस्पर देता येत नाही.

बघितलं जाण्याची ही भीती एका फेरीत पंधरा मिनिटांची असते. ऑनलाइनचा त्रास अख्ख्या सत्राला पुरतो, आणि माझ्यासाठी निर्णय त्यावरच झाला. तो त्रास म्हणजे घरात बंद करता येईल असं दार नसणं.

दोन खोल्यांचं घर डोळ्यांपुढं आणा. बाहेरच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाकघरात आई, आणि तुम्ही आतल्या खोलीत इअरफोन लावून. समोरचा विचारतो, ‘घरी या सगळ्यावर कुणाशी बोलता का?’ याचं खरं उत्तर आई भिंतीपलीकडं असताना देता येत नाही. मग आवाज खाली येतो, वाक्यं आखूड होतात, ‘हो’, ‘ठीक आहे’, ‘बघू’ एवढंच उरतं. पन्नास मिनिटांतली चाळीस अशी जातात. दोष समुपदेशकाचा नाही, तुमचाही नाही. एप्रिल-मेमध्ये तर आणखी पंचाईत. दार-खिडकी लावली की चाळीस अंशांपुढच्या उन्हात खोलीची भट्टी होते. कूलर लावला तर आवाज बाहेर जात नाही हे खरं, पण तुमचा आवाज समोरच्यालाही ऐकू जात नाही आणि तुम्ही परत मोठ्यानं बोलायला लागता. कुणी गच्चीवर जातं, कुणी कंबर तलावाच्या कडेला गाडी लावून काचा वर करून बोलतं. एखाद्या वेळी जमतं. पण दर बुधवारी, आठ आठवडे, पेट्रोल आणि बॅटरी सांभाळत? तिसऱ्या-चौथ्या वेळेला सत्र पुढं ढकललं जातं, मग परत ढकललं जातं, आणि उपचार गुपचूप बंद पडतो.

घरून काम करणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरातून करणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. ज्या टेबलावर, ज्या खुर्चीत, ज्या स्क्रीनसमोर माणूस करपलाय, त्याच ठिकाणी बसून त्यानं करपण्याबद्दल बोलायचं. वर मॅनेजरचा निरोप टुणकन वाजतो आणि डोळा तिकडं जातोच. सत्र संपलं की त्याच खिडकीत पुढची मीटिंग. दवाखान्यात जाताना-येताना मिळून चाळीस मिनिटं मोकळी मिळतात. बोललेलं मनात मुरतं ते त्या वेळात. याचं मोजमाप माझ्याकडं नाही, कुणाला वेगळा अनुभव येऊही शकेल, पण मला हा फरक फार मोठा वाटतो.

प्रत्यक्ष भेटीत आणखी काही गोष्टी आपोआप होतात. रक्तदाब आणि वजन बघितलं जातं. हातांची थरथर, कुरतडलेली नखं, बोलताना धाप लागणं कॅमेऱ्यात नीट येत नाही. बायकोला किंवा भावाला पाच मिनिटं आत बोलावता येतं, आणि झोपेबद्दल, चिडचिडीबद्दल तेच खरी माहिती देतात. रजेच्या प्रमाणपत्राचा मुद्दाही हलका घेऊ नका. बँका, शाळा, सरकारी कार्यालयं सहसा नोंदणीकृत डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा कागद मागतात. समुपदेशकाचं पत्र पुष्कळदा परत येतं. बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नसल्यानं त्या कागदावर दुसरं निदान असू शकतं. ते काय आहे आणि का आहे, हे डॉक्टरांना तिथंच विचारा. आजाराचं नाव न लिहिता विश्रांतीची गरज एवढंच लिहून मिळेल का, हेही विचारून घ्या.

अर्थात दवाखान्यातही गोष्टी बिनसतात. मोठी अडचण वेळेची. गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात आणि माणूस ती ॲसिडिटी, पाठदुखी, डोकेदुखी सांगण्यात घालवतो. काम हा शब्दच तोंडातून निघत नाही. म्हणून सात दिवसांची एक पानी नोंद घेऊन जा: झोपायला कधी गेलो, किती वाजता जाग आली, कामाचे तास, चहा किती कप, तंबाखू किंवा दारू किती, शेवटचा ऑफिसचा फोन किती वाजता. पानावर सगळ्यात वर एकच वाक्य: ‘मला कामामुळं हे होतंय, अमुक महिन्यापासून.’ चालू गोळ्यांची नावं खाली. हे पान डॉक्टरांच्या हातात द्या, वाचून दाखवत बसू नका.

दुसरी गोष्ट, मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, पण दर आठवड्याला पाऊण तास बोलायला त्यांच्याकडं वेळ असतोच असं नाही. दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ बसतात का, हे आधीच विचारा. नसतील तर कुणाकडं पाठवतात ते विचारा. औषध सुरू झालंच तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ आणि डोकेदुखी मात्र पहिल्या आठवड्यातच येते. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर, आणि याच मधल्या काळात लोक गोळी सोडतात. तिथं फोन करा, मनानं बंद करू नका. बरं वाटायला लागल्यावरही मनानं बंद करू नका. अचानक सोडली की चक्कर, बेचैनी, उडालेली झोप असं होतं आणि माणसाला वाटतं की मूळ दुखणंच उलटलं.

पैशाची ओढाताण असेल तर सिव्हिलचा, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, रांग असते, आणि शिकवणारं रुग्णालय असल्यानं दर खेपेला तोच डॉक्टर भेटेल असं नाही. म्हणून केस पेपर आणि तुमची नोंद एकाच पिशवीत सांभाळा. खाजगीपेक्षा खर्च पुष्कळच कमी.

बोलण्याचे उपचार साधारण आठवड्यातून एकदा, ४५ ते ५० मिनिटांचे असतात. सहा ते आठ सत्रांनंतर काय बदललं याचा आढावा घ्या, त्याआधी समुपदेशक बदलण्याची घाई नको. पहिल्या सत्रांत काही फार खोल निघत नाही. उठायची वेळ ठरते, रात्री कामाचा फोन दुसऱ्या खोलीत जातो, दिवसात कामाशी संबंध नसलेली एक गोष्ट ठेवली जाते. फसतं ते पुढं, कामावर परतताना. पंधरा दिवसांची रजा घेऊन माणूस ताजा होतो, सोमवारी पूर्ण ओझ्यानिशी परततो आणि महिनाभरात पुन्हा तिथंच येतो, कारण कामात काहीच बदललेलं नसतं. सोलापुरात अर्धवेळ परत घेणारी नोकरी क्वचित. त्यामुळं मालकाकडं किंवा साहेबाकडं तास कमी मागण्यापेक्षा एक नेमकं काम काढून मागा: रात्री आठनंतरचे गिऱ्हाइकांचे फोन, महिनाअखेरचा जादा हिशोब, दुसऱ्याच्या वर्गाचे पेपर. कोणतं काम काढायचं, हे समुपदेशकाबरोबर बसून ठरवा. रजा सुरू असतानाच ठरवा.

तरीही ऑनलाइन कुणी घ्यावं? ज्यांच्या घरात आतून कडी लागणारी खोली आहे, जे तालुक्याच्या गावी राहतात, किंवा ज्यांना आपली भाषा इथं मिळत नाही, त्यांनी. त्यांनीही पहिल्या दोन भेटी समोरासमोर कराव्यात आणि मग स्क्रीनवर जावं असं मला वाटतं. बाकीच्यांनी उद्या सकाळी फोन करताना एवढंच म्हणावं: ‘झोप आणि कामाच्या ताणाबद्दल दाखवायचंय, पहिलीच वेळ आहे, शेवटचा नंबर द्या. आणि डॉक्टरांकडं मानसशास्त्रज्ञ बसतात का?’