दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: पूर्वमधुमेह असलेल्यांनी तो घ्यावा का?

यंदाच्या मार्च महिन्यात कार्यालयातर्फे होणाऱ्या वार्षिक तपासणीत माझे एचबीएवनसी ६.१ टक्के आणि उपाशीपोटीची साखर १०८ आली (साखरेचे इथले सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत). एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ती ५.७ ते ६.४ या दरम्यान असली, किंवा उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ या टप्प्यात असली, तर त्या अवस्थेला पूर्वमधुमेह म्हणतात. आपल्याकडे तिला ‘बॉर्डरलाइन’ म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे आणि मीही अनेक वर्षे तेच केले. २००९ मध्ये धाकट्या मुलीच्या वेळी मला गरोदरपणातील मधुमेह झाला होता. प्रसूतीनंतर साखर पूर्ववत झाली, तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी आयुष्यभर करत राहा, असे तेव्हाच सांगण्यात आले होते. माझ्या आईला टाइप टू मधुमेह आहे. इतके असूनही मी मधली बरीच वर्षे तपासणी केली नाही, याची मला आजही खंत वाटते.

आमच्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घेतले, कारण लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. ते दोन्ही ठीक निघाल्यावर त्यांनी मला चेन्नईत झालेल्या अभ्यासाची माहिती दिली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भारतीय मधुमेह प्रतिबंधक अभ्यासात पूर्वमधुमेह असलेली ५३१ माणसे होती. ज्यांना फक्त नेहमीचा सर्वसाधारण सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी सुमारे ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांत नेटाने बदल करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. ही तफावत ऐकल्यावर माझा ‘बॉर्डरलाइन’ या शब्दावरचा विश्वास उडाला. नेमके काय बदलायचे हे स्वतःच्या शरीराकडून समजून घेता यावे, म्हणून मे महिन्यात मी चौदा दिवसांचा ग्लुकोज सेन्सर लावून घेतला. हा अभिप्राय त्या सेन्सरविषयी आहे. माझा अनुभव एकाच सेन्सरपुरता असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही.

सेन्सर दोन रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा असतो आणि दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवला जातो. त्याला केसासारखी बारीक, साधारण पाच मिलिमीटर लांबीची तार असते. ती त्वचेखाली राहते आणि पेशींच्या अवतीभवती असलेल्या द्रवातील ग्लुकोज मोजते. लावताना मला टाचणी टोचल्याइतकेही दुखले नाही. सुरू झाल्यानंतर पहिला तास तो आकडा दाखवत नाही. त्यानंतर फोन दंडाजवळ नेला की त्या क्षणाची साखर आणि मागच्या आठ तासांचा आलेख दिसतो. आठ तासांहून अधिक काळ फोन लावला नाही, तर मधली नोंद पुसली जाते, त्यामुळे झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर नोंद घेण्याची सवय लावून घ्यावी लागते.

पहिल्या दिवसाचे आकडे फारसे गांभीर्याने घेऊ नयेत, असे मला सांगितले होते आणि ते खरे ठरले. दुसऱ्या दिवसापासून मात्र आलेख बोलू लागला. सकाळी दोन वाट्या कांदेपोहे आणि साखरेचा चहा घेऊन मी ठाण्याच्या नौपाड्यातील घरून स्टेशनला निघाले. निघताना १०३ असलेली साखर दादरला उतरेपर्यंत १९२ झाली होती आणि कार्यालयात पोहोचून पाहिले तेव्हा, म्हणजे खाल्ल्यापासून दोन तासांनी, ती १३८ वर आली होती. प्रयोगशाळेत आपण जेवणानंतरची साखर देतो ती दोन तासांनी; माझा तो अहवाल नेहमी व्यवस्थित येत असे आणि मी निर्धास्त होत असे. मधला हा चढ मला या यंत्राशिवाय कधीच दिसला नसता. अर्थात, निदानाचे निकष दोन तासांच्या आकड्यावर ठरतात, मधल्या शिखरावर नाही, आणि निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर थोडा वेळ १४० च्या वर जाऊ शकते. म्हणून एका आकड्याने घाबरून जाऊ नये, हे मी आवर्जून लिहिते आहे. दोन दिवसांनी तेच पोहे एक वाटी घेतले, त्यांत मोड आलेले मूग आणि शेंगदाणे घातले आणि चहा बिनसाखरेचा घेतला, तेव्हा शिखर १५१ वर थांबले.

सर्वांत मोठा धक्का भाकरीने दिला. आमच्या घरी सासूबाईंनी माझा अहवाल कळल्यापासून पोळी बंद करून रोज ज्वारीची भाकरी सुरू केली होती. पिठल्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्यावर आलेख १७४ पर्यंत गेलेला पाहून त्या खिन्न झाल्या. “अगं, मधुमेहाला भाकरी चालते ना?” असे त्यांनी मला दोनदा विचारले. भाकरी चालतेच, पण ती किती आणि कशाबरोबर, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. ज्वारीत तंतू आहेत, मात्र पिष्टही भरपूर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ताट बदलले: आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि मेथीची भाजी, मग वाटीभर मटकीची उसळ आणि एकच भाकरी. त्या जेवणानंतर साखर १४१ च्या पुढे गेली नाही. भाजी आणि उसळ आधी पोटात गेल्याने पिष्ट सावकाश पचते, हे डॉक्टरांनीही सांगितले होते, पण सासूबाईंना ते आलेख पाहूनच पटले आणि तेव्हापासून आमच्या घरात सर्वांचीच ताटे त्या क्रमाने वाढली जातात.

दुसरी गोष्ट चालण्याची. रात्री दोन पोळ्या, भाजी आणि वरणभात असे जेवण झाल्यावर दूरदर्शनसमोर बसून राहिले त्या दिवशी शिखर १७१ होते. तेच जेवण करून लगेच यजमानांबरोबर तलावपाळीला वीस मिनिटे फेऱ्या मारल्या, तेव्हा ते १३९ वर राहिले. दोनच दिवसांची ही तुलना आहे, तिला पुरावा म्हणता येणार नाही; परंतु पुढच्या आठवड्यात तीन वेळा करून पाहिले आणि दर वेळी आलेख तसाच बुटका राहिला. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतात, असे त्यामागचे कारण आहे. आता संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरल्यावर मी शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहत नाही. घरापर्यंतचे पंधरा मिनिटांचे अंतर पायी जाते आणि रविवारी कचराळी तलावाच्या मार्गिकेवर तासभर चालते. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि सात टक्के वजनघट हे ध्येय ठेवले होते आणि त्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते; मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. १५० मिनिटे ऐकायला फार वाटतात, पण रोजच्या जेवणांमागच्या छोट्या फेऱ्यांत ती सहज भरतात, हे मला सेन्सरमुळे उमगले.

हापूसचा मोसम असल्याने तोही पाहिला. जेवणानंतर अर्धा आंबा खाल्ला तर आलेख थोडाच वर गेला. दुपारी चारला रिकाम्या पोटी एक अख्खा आंबा खाल्ला तेव्हा १८० पार झाला. प्रमाण आणि वेळ सांभाळली की भागते, हे कळल्यामुळे आंबा सोडण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

इथपर्यंत वाचून हे यंत्र प्रत्येकाने घ्यावे असे वाटेल, म्हणून आता त्याच्या मर्यादांविषयी तितक्याच स्पष्टपणे लिहिते. सेन्सरचा आकडा रक्तातील साखरेपेक्षा काही मिनिटे मागे असतो आणि त्यात फरकही असतो. बोट टोचून घेतलेल्या नोंदीशी मी सहा वेळा ताडून पाहिले, तेव्हा दहा ते वीसचा फरक आढळला. एका रात्री तीन वाजता जाग आली म्हणून पाहिले, तर आकडा ६१ होता. मी घाबरून उठले; ग्लुकोमीटरने मोजले तर ९७ भरली. मी सेन्सरच्याच कुशीवर झोपले होते आणि दंड दाबला गेल्याने आकडा खोटा घसरला होता. हे आधी माहीत नसेल, तर माणूस मध्यरात्री साखर खाऊन मोकळा होईल.

त्याहून गंभीर मर्यादा अशी की आलेख फक्त ग्लुकोज दाखवतो, अन्नाचा चांगलेवाईटपणा नाही. पावाशिवाय दोन बटाटेवडे खाल्ले तेव्हा माझा आलेख जवळजवळ सपाट राहिला, कारण तेलामुळे पोट सावकाश रिकामे होते. याउलट वाटीभर पपईने तो थोडा वर नेला. नुसत्या आलेखाच्या मागे लागलेला माणूस फळे सोडून तळलेले खाऊ लागेल, आणि ही भीती काल्पनिक नाही. पाचव्या दिवसापर्यंत मी केळे, भात आणि दूध सोडले होते, दर वीस मिनिटांनी फोन दंडाला लावत होते आणि जेवताना घरच्यांशी बोलेनाशी झाले होते. डॉक्टरांनी त्या दिवशी मला बसवून समजावले की हे यंत्र शिकण्यासाठी आहे, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासाभराने एकेक नोंद पुरे. ज्यांचा स्वभाव मुळात काळजीचा आहे, त्यांनी हा सेन्सर कोणाच्या तरी मार्गदर्शनाखालीच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिकटपट्टीविषयीही सांगायला हवे. मे महिन्यातील घाम आणि लोकलची गर्दी या दोन्हींपुढे ती टिकली नाही. आठव्या दिवशी कडा सुटू लागल्या. डब्यात शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने “ताई, तुमच्या दंडाला काय लागलंय?” असे विचारून स्वतःजवळची पट्टी काढून दिली, तिचे मला आजही कौतुक वाटते. तरीही अकराव्या दिवशी संध्याकाळी मुलुंडच्या आसपास कोणाच्या तरी बॅगेचा पट्टा अडकला आणि सेन्सर निघाला. कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन केला असता त्यांनी खोक्यावरचा क्रमांक मागितला. खोका मी पहिल्याच दिवशी टाकून दिला होता, त्यामुळे बदली मिळाली नाही. खोका जपून ठेवावा, आणि रोज लोकलने प्रवास करणाऱ्यांनी वरून लावायची जादा पट्टी पहिल्या दिवसापासूनच लावावी.

एका सेन्सरला मला पाच हजारांच्या आसपास खर्च आला. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत चांगला ग्लुकोमीटर आणि रक्त तपासण्याच्या पन्नास पट्ट्या येतात, आणि जेवणापूर्वी व जेवणानंतर तासाभराने बोट टोचून मोजले तरी माझ्या वरच्या बहुतेक गोष्टी कळल्या असत्या. ज्यांना हा खर्च जड आहे, त्यांनी मनात अजिबात रुखरुख ठेवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे यंत्र सतत वापरण्याचे आहे, त्यांची गरज वेगळी. पूर्वमधुमेहासाठी मात्र ते महिनोन्‌महिने लावण्याची आवश्यकता मला दिसत नाही. पहिल्या दहा दिवसांत माझ्या नेहमीच्या पंधरा-वीस पदार्थांचे स्वभाव कळले, पुढचे आकडे पुनरावृत्तीच होते. आणि सेन्सरवरून निदान करू नये. त्यासाठी प्रयोगशाळेतील रक्ततपासणीच हवी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १३.६ कोटी लोक पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. त्यांतील ज्यांनी अजून साधी उपाशीपोटीची तपासणीही केलेली नाही, त्यांनी सेन्सरचा विचार करण्याआधी ती करून घ्यावी.

ऑगस्टमध्ये माझे एचबीएवनसी ५.८ आले आणि वजन ६८ वरून ६३.५ किलोवर उतरले आहे. हे श्रेय यंत्राचे नाही, सासूबाईंच्या ताटाचे आणि तलावपाळीच्या फेऱ्यांचे आहे. परंतु काय बदलायचे हे मला त्या अकरा दिवसांनी दाखवले, म्हणून दिलेल्या पैशांचे मला समाधान आहे. दुसरा सेन्सर मी नवरात्रात लावणार आहे. आमच्याकडे नऊ दिवस उपवास असतो आणि साबुदाण्याची खिचडी, वरी आणि राजगिऱ्याची भाकरी यांचे आलेख मी अद्याप पाहिलेले नाहीत. खोका या वेळी कपाटात ठेवला आहे.