घरी बनवायच्या प्रीअॅम्पचा ग्रुप बाय: पैसे फार वाचत नाहीत, तरी घ्या

आधी निकाल सांगतो. प्रीअॅम्पच्या किटसाठी ग्रुप बायमध्ये, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून एकदम केलेल्या खरेदीत, शिरताय ते पैसे वाचतील म्हणून, तर शिरू नका. थोडेफार वाचतात, पण मनात धरलेले असतात तेवढे नाही, आणि वाट बघून जीव मेटाकुटीला येतो तो वेगळाच. पण शेवटी पिशवीतून जो माल हातात पडतो ना, तो एकट्याने मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ इथली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालूनही जमवता येत नाही. पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आमचा ग्रुप म्हणजे पुण्यातले काही ऑडिओवेडे, थोडे मुंबई-नाशिक-कोल्हापूरचे आणि एक बेंगळुरूला नोकरी करणारा. सगळ्यांची गोष्ट साधारण सारखी, घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या एलपी पडून, टर्नटेबल कुठूनतरी जमवलेलं, आणि अॅम्प्लिफायर नवा असल्यामुळे त्याला फोनो इनपुटच, म्हणजे टर्नटेबल जोडायची जागाच, नाही. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसते तो भाग) निघतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट, ते सरळ ऑक्सला, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला, लावलं तर आवाज डास गुणगुणल्यासारखा येतो, शिवाय रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल वाढवून कापलेलं असतं, ते परत सरळ करावं लागतं. त्यालाच आरआयएए कर्व्ह म्हणतात, १९५४ पासून हेच स्टँडर्ड आहे. २० हर्ट्झला सुमारे १९ डीबी (डेसिबल) वर उचलायचं आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढंच खाली आणायचं. थोडक्यात फोनो प्रीअॅम्प म्हणजे नुसता आवाज मोठा करायचा डबा नाही, गणित बरोबर आलं नाही तर गाणाऱ्याचा गळाच बदलतो.

सर्किट काढलं आमच्यातल्या एका रिटायर्ड काकांनी, ग्रुप बायही तेच चालवतात, त्यामुळे हा रिव्ह्यू म्हणजे एका अर्थी त्यांच्याच कामाचा रिव्ह्यू आहे. त्यांनी फॅन्सी काही ठेवलं नाही, सगळीकडे एनई ५५३२. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिग्नेटिक्सने काढलेली ही आयसी, स्टुडिओच्या मिक्सरमध्ये ढिगाने वापरली गेली आणि अजूनही स्वस्त आहे. ग्रुपमध्ये लगेच दोन-तीन जण उठले की हे काय जुनाट, यापेक्षा दहापट महाग ऑपअॅम्प (सिग्नल मोठा करणारी ही आयसी) टाका. काका म्हणाले सॉकेट देतो, तुम्हाला हवी ती खोचा, यादीत ५५३२ राहील. मग टोन कंट्रोल हवा की नको यावर जे रणकंदन झालं ते विचारू नका. रात्री साडेअकराला लोक बास-ट्रेबलवरून एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले होते. त्यावरही तोडगा निघाला, टोन कंट्रोलचा छोटा वेगळा बोर्ड, ज्याला नको त्याने दोन जंपर टाकून बायपास करायचा. ग्रुप बायमध्ये सगळ्यात अवघड काय असेल तर ते हे, पार्ट्सची यादी गोठवणं. एकदा गर्बर फाइल, म्हणजे बोर्डाचा नकाशा, फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) गेली की मग कोणाचं काही ऐकायचं नाही, आणि काकांनी खरंच कोणाचं ऐकलं नाही.

यादी गोठायच्या आधी एक सूचना मात्र त्यांनी मानली आणि बरं झालं मानली. पॉवर सप्लायला १५-०-१५ व्होल्टचा तीस व्हीएचा टोरॉइड (गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) आणि पुढे ३१७/३३७ रेग्युलेटर, फिल्टरचे कॅपॅसिटर २५ व्होल्टचे लिहिले होते. नाशिकच्या एकाने गणित मांडलं की छोटा ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय पंधरा-सतरा टक्के जास्त व्होल्टेज देतो, त्यात आपल्याकडे रात्री लाइन २५० पर्यंत जाते, डायोडनंतर बघा किती होतात ते. साडेपंचवीसच्या आसपास, म्हणजे २५ चा कॅपॅसिटर मर्यादेच्या बाहेरच. ३५ व्होल्टचे घेतले. किंमतीत फरक फुटकळ. एकट्याने बनवत असतो तर हे मला वर्षभराने कॅपॅसिटर फुगल्यावर कळलं असतं.

आता पैशाचं. हिशोब असा असतो की चिनी फॅबकडून बोर्ड कमीत कमी पाच घ्यावे लागतात, आणि बोर्डापेक्षा कुरिअरचा खर्च जास्त. एकाला लागतो एक, उरलेले चार ड्रॉवरमध्ये. तेच तीस-चाळीस सेट एकदम मागवले की कुरिअर वाटून जातं. मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडेही दहा नगाला एक भाव, शंभराला दुसरा. हे झालं वाचलेलं. आता गेलेलं बघा, कस्टम ड्युटी, वर आयजीएसटी, मग हरवलं-तुटलं तर म्हणून घेतलेले जादा नग, झिपलॉकच्या पिशव्या, बबल रॅप, आणि परत प्रत्येकाच्या घरी पाठवायचं स्पीड पोस्ट. मी माझ्यापुरता ताळा करून पाहिला, एकट्याने केलं असतं त्यापेक्षा वाचले, पण एवढेच की त्यात घरच्यांना घेऊन एकदा बाहेर जेवायला जाता येईल, तेही थाळीच.

मग घ्यायचं कशाला? तर जुळवलेल्या जोड्यांसाठी. आरआयएएच्या कर्व्हला ज्या दोन-चार कॅपॅसिटरवर सगळं अवलंबून असतं ते एक टक्क्याचे, म्हणजे छापलेल्या आकड्यापासून जास्तीत जास्त एक टक्का ढळणारे, हवेत, आणि ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत, मिळाले तर भाव ऐकून माणूस परत फिरतो. पाच टक्क्यांचे पॉलीप्रॉपिलीन वाट्टेल तेवढे मिळतात. आता एकटा माणूस दुकानातून चार घेतो, त्यात एक चार टक्के वर, दुसरा तीन टक्के खाली निघाला की डावा आणि उजवा चॅनल दोन वेगळ्या गावचे. काकांनी काय केलं, मोठा लॉट उचलला आणि कॅपॅसिटर मोजायच्या एलसीआर मीटरवर एकेक मोजून पिशव्या भरल्या. माझ्या पिशवीवर पेन्सिलने प्रत्येक कॅपॅसिटरचा मोजलेला आकडा लिहिलेला होता. घरी माझ्या मीटरवर तपासलं, आकडा मीटरप्रमाणे थोडा हलला पण जोडीतला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. असं मोजून कोणता दुकानदार देतो सांगा? काउंटरवर दहा रेझिस्टन्स मागितले तरी तोंड वाकडं करतात.

दुसरं म्हणजे खरी आयसी. बाजारात ५५३२ चा शिक्का मारलेलं काहीही विकतात, आत बऱ्याचदा ४५५८ या दुसऱ्या आयसीछाप स्वस्त माल. ओळखायची युक्ती काकांच्या कागदावर होती ती सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो: आयसी बोर्डात नसताना मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवायचा आणि दोन आणि तीन नंबरच्या पिनवर लावायचा, मग प्रोब उलटे करून परत. खऱ्या ५५३२ मध्ये दोन्ही इनपुटच्या मध्ये उलटसुलट दोन डायोड असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पॉइंट सहा-सातच्या आसपास आकडा दिसतो. ४५५८ मध्ये ते नसतात. आता नकली बनवणारा यापेक्षा हुशार असेल तर ही टेस्ट पुरत नाही, पण चोरबाजारी माल बराचसा इथेच गळतो. किटमधल्या सगळ्या पास झाल्या. माझ्याकडे आधी दुकानातून आणून ठेवलेल्या होत्या त्या लावून पाहिल्या तर निम्म्या नापास, लगेच कचऱ्यात.

हिशोबाला तर तोड नाही. शीट सगळ्यांना उघडी, प्रत्येक बिलाचा फोटो लावलेला, डॉलरचा भाव कोणत्या दिवशी किती धरला तेही लिहिलेलं. पैसे दोन हप्त्यांत, आधी अॅडव्हान्स, मग माल आल्यावर बाकी. अॅडव्हान्स परत मिळणार नाही हे पहिल्याच मेसेजमध्ये ठणकावून, आणि हे कडक वाटलं तरी करावंच लागतं, कारण हो हो म्हणणारे खूप असतात आणि पैसे मागितले की लोकांचे फोन नेटवर्कच्या बाहेर जातात. चार जण गळले की शंभराचा भाव हातचा जातो आणि भुर्दंड उरलेल्यांना. यावेळीही गळले, पण वेटिंग लिस्ट तयार होती म्हणून भागलं. सगळं आटपल्यावर प्रत्येकाची उरलेली रक्कम यूपीआयने परत आली, दोन वडापावांची असेल, पण आली. सोसायटीच्या कमिटीने शिकावं असं काम.

आता तो कापलेला स्टार. एक तर वेळ. गणपतीत सोल्डरिंग करू म्हणत होतो, आकाशकंदील लागले तरी पिशवी नाही. कस्टममध्ये केवायसीवरून पार्सल अडकलं, त्यात काकांचा दोष नाही, पण मधल्या काळात ग्रुपवर काहीच न कळवता शांतता होती, रोज फक्त कोणाचं तरी गुड मॉर्निंगचं फूल. दोन ओळी टाकल्या असत्या तर लोकांनी पर्सनलवर जाऊन त्यांना पिडलं नसतं.

दुसरं, व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा फिरता कंट्रोल. बाकी सगळं इतकं मोजूनमापून आणि पॉट मात्र एका दुकानातून लॉटमध्ये उचलले, वर जपानी कंपनीचं नाव छापलेलं. फिरवायला लोण्यासारखा, पण रात्री हळू आवाजात लावलं की गाणारा डावीकडे सरकून बसतो. मोजलं. खालच्या टोकाजवळ एका बाजूला दोनशे दहा ओहम, दुसऱ्या बाजूला एकशे चाळीस, म्हणजे सरळ साडेतीन डीबीचा फरक. जोडपॉटमध्ये (एकाच दांड्यावर दोन्ही चॅनलचे पॉट) खालच्या बाजूला थोडं इकडेतिकडे असतंच, पण एवढं नाही. मी एकटा नव्हतो, बऱ्याच जणांचं तेच रडगाणं. काकांनी हात वर केले नाहीत, दुकानात जाऊन भांडून काही बदलून आणले, उरलेल्यांना शिलकीतून पैसे दिले. ते ठीक, पण कॅपॅसिटरवर एवढ्या रात्री घालवणाऱ्या माणसाने पॉटवर दोन मिनिटं मीटर लावला असता तर बरं झालं असतं की नाही?

तिसरं कॅबिनेट, जे ऐच्छिक होतं आणि मी हौसेने घेतलं. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून लेझर कटिंग आणि काळं पावडर कोटिंग. दिसायला एक नंबर, बायकोने चक्क शोकेसमध्ये ठेवायची परवानगी दिली. पण भोकं अगदी नेमक्या मापाची कापली आणि कोटिंगची जाडी धरायची राहिली, त्यामुळे आरसीए सॉकेट (ऑडिओच्या वायरी लावायचे) आत जाईनात. गोल कानस घेऊन बसायची तयारी ठेवा. आणि महत्त्वाचं, पावडर कोटिंग वीज वाहत नाही, तेव्हा अर्थिंगचा स्क्रू जिथे बसतो तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा, नाहीतर थ्री पिन वायर लावूनही डब्याला अर्थ मिळालेलाच नसतो. मीटरने कंटिन्युइटी बघितल्याशिवाय प्लग लावू नका. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

बाकी सूचनांचा कागद झकास, मराठीत, आणि कोणी न सांगणाऱ्या गोष्टी त्यात आहेत. उदाहरणार्थ टोरॉइडच्या मधून जाणारा बोल्ट डब्याच्या तळाला आणि वरच्या झाकणाला दोन्हीकडे टेकू द्यायचा नाही, टेकला की तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि फ्यूज उडतो. आणि बोल्ट घट्ट करायच्या आधी सगळं चालू करून ट्रान्सफॉर्मर हळूहळू गोल फिरवून बघायचा, एका जागी घरघर सगळ्यात कमी होते, तिथे आवळायचा. माझ्याकडे आधी पन्नास हर्ट्झची स्पष्ट घूं येत होती, पाव फेरा फिरवल्यावर ती जवळजवळ गेली. फोनोचा बोर्ड दुसऱ्या टोकाला ठेवा हे सांगायला नकोच. फिरवताना आत २३० व्होल्ट उघडे असतात, तेव्हा टर्मिनलवर आधी स्लीव्ह चढवा आणि एक हात खिशात.

आवाजाबद्दल थोडक्यात. सुई उचललेली, व्हॉल्यूम पूर्ण, स्पीकरला कान लावला तर बारीक सर्र्, सोफ्यावर बसून काही नाही. भीमसेन जोशींची जुनी एलपी लावली, मध्ये ते थांबतात तिथे तानपुरा शेवटपर्यंत ऐकू येतो, आधीच्या ऑनलाइन घेतलेल्या पिटुकल्या डबीवर तिथे नुसती घरघर होती. महागड्या ऑपअॅम्पवाल्यांनी आपापल्या आयसी खोचून पाहिल्या, त्यातल्या एकाचं सर्किट ऑसिलेट व्हायला, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करायला लागलं, ते गपचूप ५५३२ वर परत आले. मी काही बोललो नाही, फक्त अंगठा टाकला.

ज्याला मल्टिमीटर धरता येत नाही, किंवा पुढच्या महिन्यात वाढदिवसाला द्यायचाय वगैरे घाई आहे, त्याने तयार डबा घ्यावा. सोल्डरिंग येत असेल आणि थांबायची तयारी असेल तर नाव नोंदवा. पुढच्या राऊंडची यादी उघडलीय, हेडफोन अॅम्पचा बोर्डही घ्यायचा का यावर परत युद्ध सुरू झालंय. मी अॅडव्हान्स भरून टाकला, मात्र शीटमध्ये माझ्या नावापुढे लिहून ठेवलंय: पॉट नको, कॅबिनेटला भोकं अर्धा मिलिमीटर मोठी.