ऑरगॅनिक दही: डबा आणावा की दूध आणून घरी लावावं?

साधं, बिनसाखरेचं ऑरगॅनिक दही रोज खायचं ठरवलं की नाशिकमध्ये सध्या दोन सरळ रस्ते दिसतात. एक म्हणजे कॉलेज रोड-गंगापूर रोडकडच्या मोठ्या दुकानातल्या फ्रिजमधून प्रमाणित डबा उचलायचा. दुसरा म्हणजे गिरणारे किंवा मखमलाबादच्या बाजूच्या एखाद्या गोठ्याचं गायीचं दूध सुरू करायचं आणि दही घरी लावायचं. मी दोन्ही केलंय, आलटून पालटूनही केलंय. घरी आम्ही दोघंच. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच फिरतो.

आधी एक किरकोळ गोष्ट बाजूला काढू. 'ऑरगॅनिक' या शिक्क्याने दह्याला स्वतःची अशी चव येत नाही. जनावराला काय चारलं, औषधं कशी दिली, याचा तो शिक्का आहे. दुकानातल्या डब्यावर 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित ऑरगॅनिकचं सरकारी चिन्ह पाहून घ्यावं, तेवढं पुरे. बाटलीवर 'ए-टू' (दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) लिहिलं असेल तर तेही चवीच्या हिशोबात धरू नका. २०२४च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे दावे काढून टाका म्हणून सांगितलं आणि काही दिवसांतच ती सूचना मागेही घेतली. शिवाय आपल्या म्हशीचं दूधही त्याच गटात मोडतं, पण तसं ओरडून कोणी विकत नाही. चव आणि पोत ठरतो तो दूध कसलं, किती तापवलं आणि विरजण कुठलं, यावर.

आता पहिला चमचा. इथे डबा सरस आहे, हे मान्य करावं लागतं. झाकण उघडलं की वरचा भाग आरशासारखा सपाट, चमचा घातला की धार स्वच्छ कापली जाते, जिभेवर कुठे कण लागत नाही. आंबटपणा बेताचा, आज आणला काय आणि पुढच्या महिन्यात आणला काय, तोच. कारखान्यात दूध नव्वद अंशांच्या आसपास तापवून थोडा वेळ तसंच धरतात. त्यामुळे एरवी निवळीत जाणारी प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि जाळं पाणी धरून ठेवतं. बरेच जण दुधातले घन पदार्थही वाढवतात. विरजणही मोजूनमापून निवडलेलं असतं. गंमत म्हणजे, दह्याला गुळगुळीतपणा देणारे काही जिवाणू ज्या जातीचा चिकट पदार्थ सोडतात, त्याच जातीच्या पदार्थामुळे घरच्या दह्याला कधीकधी तार सुटते. डब्यात तो बेताने असतो म्हणून आपण 'क्रीमी' म्हणतो, वाटीत जास्त झाला की नाक मुरडतो.

घरच्या दह्याचा पहिला चमचा इतका देखणा नसतो. गायीचं दूध मुळात पातळ. स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात तो सहा-सातपर्यंत जातो. त्यामुळे म्हशीच्या दह्यासारखी घट्ट कवडी गायीच्या दह्यात शोधू नका. रंग पिवळसर, वर सायीचा थर, खाली मऊ, जरा हलणारं दही. दूध एकजीव यंत्रातून गेलेलं नसल्यामुळे साय वेगळी वर येते आणि पहिल्या दोन चमच्यांना ती आणि खालचं दही असे दोन पोत एकत्र लागतात. कोणाला ही साय आवडत नाही. त्यांच्यासाठी डबा बरा, यात वाद नाही.

वासात मात्र मला फरक नेमका जाणवतो. डब्यातल्या दह्याला कच्च्या सफरचंदाच्या अंगाने जाणारा, किंचित तीक्ष्ण वास असतो. योगर्टच्या जिवाणूंची ती खूण, ॲसिटाल्डिहाइड नावाच्या द्रव्याची. आपल्या घरच्या विरजणात जी मिसळ फौज असते, तिच्यातले काही जिवाणू डायॲसिटिल बनवतात आणि तोच लोण्याचा ओळखीचा वास. प्रत्येक डब्याला आणि प्रत्येक घराला हे लागू पडेल असं नाही. आमच्याकडे तरी पडलं. नुसतं दही खाताना तो लोण्यासारखा वास मला हवासा वाटतो. कोशिंबिरीत किंवा मिसळीबरोबर मात्र दोन्हींत फारसा फरक कळत नाही. नाशिकच्या काळ्या मसाल्यापुढे कुठलंही दही आपलं काम करून गप्प बसतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की सामना बरोबरीत चाललाय. माझ्यासाठीही तो बरेच दिवस तसाच होता. निकाल लावला तो दुसऱ्या दिवशीच्या डब्याने.

चारशे ग्रॅमचा डबा दोन माणसांत एका बैठकीत संपत नाही. संध्याकाळी जेवताना दोन-दोन चमचे घेतले, झाकण लावलं, आत ठेवला. सकाळी उघडावा तर खड्ड्यात हिरवट पिवळं पाणी आणि त्यातून डोकं वर काढलेले पांढरे तुकडे. चोथापाणी! पाणी ओतून टाकावं तर चांगली प्रथिनं जातात आणि उरलेलं दही कोरडं होतं. ढवळून टाकावं तर ज्या पोतासाठी पैसे मोजले तोच गेला, हातात येतं ते पातळ, दाणेदार काहीतरी. तिसऱ्या दिवशी ते कढीत जातं. एवढं महागाचं दही कढीत ओतताना प्रत्येक वेळी हात जड होतो. कढी चांगली होते, हा भाग वेगळा.

हा त्या डब्याचा दोष नाही, हेही सांगायला हवं. दही म्हणजे प्रथिनांचं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. चमच्याने जाळं तोडलं की कापलेल्या बाजूने ते आकसतं आणि पाणी सोडतं. घरचं दही कापून ठेवलं तरी हेच होतं, किंबहुना थोडं जास्तच, कारण त्यात घन पदार्थ कमी. शिवाय डब्याने दुकानापर्यंत येताना गाडीतले हादरे सोसलेले असतात. कसारा घाट चढून आलेलं दही न हललेलं असावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

मग घरच्या दह्याने काय वेगळं केलं? चव नव्हे, तर भांडं. अर्धा लिटर दुधाचं दही मी एका पातेल्यात न लावता चार-पाच लहान वाट्यांत लावतो. एक वाटी म्हणजे एक माणूस, एक बैठक. एकदा चमचा घातला की ती संपते. दुसऱ्या दिवशीची वाटी न कापलेलीच असते, वर साय जशीच्या तशी. फ्रिजमध्ये ती थोडी आणखी आंबते, पण पोत टिकतो. असेच लहान कप प्रमाणित ऑरगॅनिक दह्याचे सहज मिळाले असते तर कदाचित मी घरी दही लावायच्या फंदात पडलोही नसतो. साध्या दह्याचे कप कोपऱ्यावरच्या डेअरीतही मिळतात. ऑरगॅनिकचे मला तरी इथे क्वचितच दिसले, आणि दिसले तेव्हा दह्यापेक्षा प्लास्टिकच जास्त वाटलं.

वाट्यांऐवजी मातीचं छोटं मडकं हा तिसरा पर्याय. काही गोठे मडक्यातच लावलेलं दही घरपोच देतात, किंवा कुंभारवाड्यातून मडकी आणून तुम्हीही लावू शकता. माती पाणी शोषते, दही दाट होतं, आणि मातीचा एक मंद वास उतरतो. चवीला मला हे तिन्हींत सगळ्यात श्रीमंत वाटतं. पण मडकं धुणं हे काम आहे. साबण लावला तर माती तो पिते, नुसत्या पाण्याने धुतलं तर जुना आंबूसपणा मागे राहतो. उन्हात वाळवायला गच्ची हवी. सणासुदीला ठीक, रोज नाही.

घरी लावायचं तर दोन गोष्टी सांभाळा. बाटलीतलं दूध नुसतं कोमट करून विरजू नका. उकळी आणा आणि मंद आचेवर काही मिनिटं राहू द्या. पाश्चरायझेशनची उष्णता दूध सुरक्षित करायला पुरते, दही घट्ट व्हायला नाही. मग बोट बुडवून दहा मोजेपर्यंत सोसेल इतकं निवलं, म्हणजे चाळीस-बेचाळीस अंश, की अर्धा चमचा विरजण नीट फेटून घाला. जास्त विरजण घातल्याने दही चांगलं होत नाही, फक्त लवकर आंबतं. तार सुटू लागली तर त्याच विरजणाशी भांडत बसू नका. शेजारून नवं आणा. मिरचीचे देठ घालून दही लागतं असं आमच्याकडच्या वडीलधाऱ्या सांगतात, लागतंही. पण विरजण मिळत असताना ती कसरत कशाला?

आता तुमचं. घरात चार-पाच जण असतील, डबा एका जेवणात रिकामा होत असेल, तर माझी सगळी तक्रार तुम्हाला लागूच नाही. तुम्ही डबाच घ्या, पहिला चमचा त्याचाच चांगला आहे. गोठ्याचं दूध ऋतूप्रमाणे, चाऱ्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे दही एका आठवड्यात गोड-अधमुरं तर पुढच्यात आंबट. ज्यांना रोज तीच चव हवी, त्यांना हे लहरी वागणं जाचेल. खर्चाचं म्हणाल, तर मी घेतो त्या दरांत घरचं दही स्वस्त पडतं, पण गॅस आणि उठाठेव धरली तर फार मोठा फरक उरत नाही. पैशासाठी म्हणून घरी लावायला जाऊ नका.

दोघंच असाल, किंवा एकटे, आणि दही नुसतं चमच्याने खाणारे असाल, तर वाट्या काढा. फक्त सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करू नका. निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला असतो तेव्हा नाशिक शहरातही ओट्यावर रात्रभर ठेवलेलं दूध सकाळी दूधच असतं, आणि माणूस कायमचा डब्याकडे वळतो. मार्चपासून लावायला लागा. पाच-सहा तासांत लागतं, आंबण्याआधी फ्रिजमध्ये ठेवता येतं, आणि थंडी येईपर्यंत हात बसलेला असतो. तेव्हा वाट्या गरम पाण्याने विसळलेल्या कॅसरोलमध्ये, वरून जुनी शाल.