लाकडी रिकर्व्ह किट, 68 इंच 24 पाउंड – पावसाळा ते मे महिना वापरून झाल्यावर

तिरंदाजीचं हे किट घेतलं तेव्हा गणपती यायचे होते, आता मे चालू आहे आणि ग्वाल्हेरात पारा 45 च्या घरात, म्हणजे इथले तिन्ही ऋतू या बोने, म्हणजे धनुष्याने, बघितलेत, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही, हाच माल तीन-चार वेगवेगळ्या स्टिकरखाली विकतात. लाकडी रायझर म्हणजे मधला मुठीचा भाग, त्याला नॉब पिळून बसवायचे दोन लिम्ब म्हणजे वाकणाऱ्या पात्या, डेक्रॉनची स्ट्रिंग म्हणजे दोरी, बाण टेकवायचा चिकटवायचा प्लास्टिकचा रेस्ट, नेम धरायला साधी साइट, हाताला आर्मगार्ड, दोरी खेचणाऱ्या बोटांना टॅब आणि कार्बनचे बाण, सगळं एका बॅगेत.

बो चांगला आहे. खरंच चांगला आहे. बोंब आहे ती बाकीच्या सामानाची, आणि नेम लागणं न लागणं बरंचसं त्या बाकीच्या सामानावरच असतं.

बाणांचंच घ्या. किटमधल्या बाणांवर 500 लिहिलंय. हा स्पाइनचा आकडा, म्हणजे बाण 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवून मधोमध साधारण 880 ग्रॅम वजन टांगलं की तो किती वाकतो ते, इंचाच्या हजाराव्या भागात. 500 म्हणजे अर्धा इंच वाकला, 1000 म्हणजे पूर्ण एक इंच. आकडा जितका मोठा तितका बाण नरम. आता 24 पाउंडच्या बोला (पाउंड म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर) 500 म्हणजे लोखंडी गजच की, ही दोरी त्याला वाकवणार कशी? बाण सुटताना वाकूनच रायझरला वळसा घालून जातो, वाकला नाही तर उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे पळतो. माझे सगळे डावीकडे, टार्गेटच्या मधल्या पिवळ्यापासून लांब, निळ्यात नाहीतर काळ्यात. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "भाईसाहब, सब में चल जाता है." नाही चलता! आमच्या सरांनी पिसं नसलेला एक बाण, ज्याला बेअर शाफ्ट म्हणतात, तो पिसंवाल्यांबरोबर 18 मीटरवरून मारायला लावला, तो टार्गेटच्या पार डाव्या कडेला जाऊन रुतला, म्हणजे बाण फारच कडक, विषयच संपला. मग ईस्टनचे अ‍ॅल्युमिनियमचे 1616 मागवले. हा नंबर वाचायला सोपा, पहिले 16 म्हणजे बाहेरचा व्यास 16/64 इंच, म्हणजे पाव इंच, आणि पुढचे 16 म्हणजे नळीची जाडी इंचाच्या 16 हजारांश. ग्रुप, म्हणजे बाणांचा घोळका, त्याच आठवड्यात लाल-पिवळ्यात आला, बो तोच, मीही तोच. अ‍ॅल्युमिनियम वाकतं हे खरं, पण वाकलेलं दिसतं तरी, कार्बनला तडा गेला तर दरवेळी हाताने हलकं वाकवून, कान लावून बघावं लागतं, आणि तसाच मारला तर तुटून हातात घुसू शकतो.

टॅब फेकून द्या. रेक्झीनचा तुकडा आहे, तासाभरात मधल्या बोटाला मुंग्या येतात आणि मग माणूस बोटं लवकर सोडायला लागतो. कातडी टॅब वेगळा घ्या, बोटांच्या मापाचा, मधे स्पेसर म्हणजे बोटं वेगळी ठेवणारा तुकडा असलेला. आर्मगार्डही आखूड आहे, स्ट्रिंग कोपराजवळ लागते तिथे तो पोचतच नाही. पहिल्या महिन्यात आई रोज रात्री आयोडेक्स चोळायची आणि म्हणायची, या वयात कसली रे ही थेरं.

24 पाउंड कमी वाटतील, जिमवाले मित्र हसतात. हसू दे. लिम्बवरचा आकडा 28 इंच खेचल्यावरचा असतो, खेच त्याहून कमी असेल तर इंचामागे साधारण दोन पाउंड कमी धरा, माझ्या हातात एकवीसच्या आसपास येतात. तरी शेवटी शेवटी खांदा वर चढतोच.

बोवर स्ट्रिंग चढवायचा स्ट्रिंगर किटमध्ये नाही, हा तर सरळ सरळ अन्याय आहे. पाय अडकवून बो वाकवायचा आणि स्ट्रिंग चढवायची हे यूट्यूबवर भारी दिसतं पण त्याने लिम्ब पिळतात. शंभर-दोनशेची दोरी आहे, घ्या. आणि बाण न लावता खेचून सोडू नका, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते करायचंच असतं.

उन्हाचं मात्र इथल्या लोकांनी नीट वाचा. लिम्ब म्हणजे लाकूड आणि फायबरग्लासचे थर गोंदाने चिकटवलेले, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुपारी बंद गाडीच्या डिकीत ठेवले तर थर सुटू शकतात. माझे लिम्ब ठीक आहेत कारण ते घरात असतात. पण एप्रिलमध्ये बाण उपसला तर नळी हातात आली आणि टोक आत फोममध्येच राहिलं, नुसता पिवळट गोंद नळीच्या तोंडाशी. पॉइंट म्हणजे टोक हॉट मेल्टने, गरम करून वितळवायच्या गोंदाने, बसवतात, उन्हात तापलेल्या टार्गेटमध्ये तो सैल पडतो. डेक्रॉनही ताणते, थंडीत साडेआठ इंच असलेली ब्रेस हाइट, म्हणजे मूठ आणि दोरीमधलं अंतर, मार्चनंतर उतरायला लागली, बो सुटताना फटफट वाजायला लागला. स्ट्रिंग काढून चार पीळ जास्त दिले की वर येते. फास्ट फ्लाइट, म्हणजे कमी ताणणारी स्ट्रिंग, लावू नका, या लिम्बची टोकं त्यासाठी मजबूत केलेली नाहीत. डिसेंबर-जानेवारीचं काय सांगू, धुक्यात दहा वाजेपर्यंत तीस मीटरवरचं टार्गेटच दिसत नाही.

हां, खंडेनवमीला आईने पूजेत मांडला. हळदकुंकू वाहिलं ते रायझरच्या पॉलिशवरून ओल्या फडक्याने निघालं पण लिम्बच्या पांढऱ्या रंगावर पिवळा डाग कायमचा बसला. पुढच्या वर्षी लिम्ब काढून ठेवणार, नुसता रायझर पूजेला.

भाच्याला पुलीवाला हवा होता, साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली ते बघून. तो कंपाउंड, प्रकार वेगळा, खर्चही वेगळा, ऑलिम्पिकमध्ये तो 2028 ला लॉस एंजेलिसला पहिल्यांदा येतोय, मिक्स्ड टीममध्ये. ऑलिम्पिकचं 70 मीटर या 24 पाउंडवर विचारूच नका.

ज्यांना पुढे खेळायचंच आहे त्यांनी हा रायझर न घेता आयएलएफ फिटिंगचा घ्यावा, त्यात एका कंपनीच्या रायझरला दुसऱ्या कंपनीचे लिम्ब बसतात, याला फक्त याचेच. ज्यांना नुसतं बघायचंय जमतं का, त्यांनी हेच घ्या, पण किट नको, बो सुटा घ्या, आणि वाचलेल्या पैशात मापाचे बाण, टॅब, स्ट्रिंगर. दहा-बारा वर्षांच्या मुलांना 68 इंच लांब पडतो, त्यांच्यासाठी छोटा बघा आणि पाउंडही 14-16 च्या पुढे नको.